वालेन्सियाच्या चौकात आठवलेली मारबत

पोळा तोंडावर आला की आमच्या नागपूरच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप हमखास फिरतो : तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या, दिवशी इतवारी, महाल, गांधीबागेकडे कोणी जाऊ नका, मारबतीमुळे रस्ते बंद असतात. मारबत म्हणजे ईडापीडा घेऊन जाणारी म्हणून मिरवून शेवटी जाळतात ती मोठी पुतळी, एक काळी आणि एक पिवळी. मी स्वतः हा निरोप अनेक वर्षे पुढे पाठवलेला आहे. यंदा मात्र मी त्याच ग्रुपवर उलट निरोप टाकला, की ज्यांना जमेल त्यांनी सकाळीच माझ्याबरोबर इतवारीत चला. त्यावर, त्या गर्दीत कशाला जायचे, असे घरातून आणि मैत्रिणींकडून जे प्रश्न आले त्यांची उत्तरे चार ओळींत देणे शक्य नव्हते, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

माझे घर प्रताप नगरात आणि आजोळ इतवारीत. लहानपणी पोळ्याला आम्ही आजोळी मुक्कामाला जात असू आणि दुसऱ्या दिवशी मामाच्या गॅलरीतून मारबत पाहत असू. आजीचे एकच सांगणे असे, "वरूनच पाह्य बाई, खाली नको उतरू." खाली रस्त्यावर नुसती डोकी दिसत, आणि त्या डोक्यांवरून पिवळी मारबत डुलत डुलत येई, तेव्हा तिचे रंगवलेले मोठाले डोळे आमच्या गॅलरीच्या उंचीवर यायचे. "ईडा, पीडा, रोगराई घेऊन जाऽऽ गे मारबत" ही आरोळी एका टोकाला उठून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत आम्ही मुलेही कठड्याला धरून ओरडत असू. मागून बडगे, म्हणजे लोकांना सतावणाऱ्या गोष्टींची टर उडवणारे पुतळे, येत. एका वर्षी एका बडग्याच्या गळ्यात कांद्यांची माळ होती आणि हातात फाटकी पिशवी. त्याच्या छातीवरच्या पाटीवर काय लिहिले होते ते मामाने मोठ्याने वाचून दाखवले होते, आणि सगळी गॅलरी हसली होती. तो मजकूर आज मला आठवत नाही, आणि मला वाटते तो आता कोणालाच आठवत नसेल. ही गोष्ट पुढे मला फार लागली.

आजी गेली, मामाने ते घर विकले आणि मारबत आमच्या आयुष्यातून निघून गेली. पश्चिम नागपुरातल्या माझ्या शाळेत तिचा विषय कधी निघाला नाही. निघालाच तर गोंधळ, धक्काबुक्की आणि वाहतुकीची कोंडी एवढ्यापुरताच. मीही हळूहळू तसेच बोलू लागले होते.

२०२३ मध्ये नगररचनेच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मी स्पेनमधल्या वालेन्सियाला गेले. समुद्रकाठचे, संत्र्यांच्या बागांचे शहर, एवढ्यावरूनच मला ते ओळखीचे वाटले होते. पुढच्या वर्षी फेब्रुवारी संपता संपता गल्लीगल्लीत मांडव उभे राहू लागले, लहान मुले गळ्यात फटाक्यांचे खोके अडकवून फिरू लागली आणि आमच्या वर्गातल्या स्थानिक मुलांचे अभ्यासातले लक्ष उडाले. शहराचा वार्षिक उत्सव जवळ आला होता. त्याला फायास म्हणतात. मार्चच्या मध्यावर शहराच्या चौकाचौकांत प्रचंड पुतळे उभे करायचे, चार दिवस ते मिरवायचे, आणि १९ मार्चला, म्हणजे सुतारांचा आश्रयदाता मानल्या जाणाऱ्या संत जोसेफच्या दिवशी, रात्री सगळे जाळून टाकायचे. याचा उगम असा सांगतात, की वसंत ऋतू येऊन दिवस मोठा झाला की सुतार हिवाळ्यात दिवे टांगायला वापरलेले लाकडी खांब आणि कामशाळेतला कचरा दाराबाहेर जाळत, आणि त्या खांबांना पुढे माणसांचे कपडे, माणसांचे चेहरे आले. हे ऐकताना मला होळी आठवली होती. मारबत आठवायला अजून दोन आठवडे जायचे होते.

१ मार्चपासून १९ मार्चपर्यंत रोज दुपारी ठीक दोन वाजता नगरपालिकेच्या चौकात मास्कलेता होते. हा फटाक्यांचाच प्रकार आहे, पण तो डोळ्यांसाठी नसतो, कारण भर दुपारी रंग दिसणार कोठून. तो सगळा आवाजाचा आणि लयीचा खेळ असतो. नगरपालिकेच्या सज्जातून त्या वर्षीची मानाची तरुणी वालेन्सियन भाषेत दारूकाम करणाऱ्याला सुरुवात करण्याची परवानगी देते, आणि मग पाच-सात मिनिटे आधी सुटे, मग दाट, मग एकमेकांवर कोसळणारे स्फोट होत राहतात. शेवटच्या भागाला ते भूकंपच म्हणतात. तोंड उघडे ठेव, म्हणजे कानांना त्रास कमी होईल, असे मला शेजारच्या बाईंनी खुणेने सांगितले. छातीचा पिंजरा आतून हलतो आहे आणि पायाखालची फरशी थरथरते आहे, असे ते होते. आवाज थांबला तेव्हा एक क्षण पूर्ण शांतता पसरली आणि मग हजारो लोकांनी टाळ्या वाजवल्या. दारूकाम करणारा कारागीर काळवंडलेल्या तोंडाने बाहेर आला, तेव्हा एखाद्या मैफलीनंतर गायकाला दाद मिळावी तशी त्याला दाद मिळाली.

मारबत आठवली ती १५ मार्चच्या रात्री. त्या रात्रीपर्यंत सगळे पुतळे उभे झालेले असावे लागतात, त्यामुळे आम्ही रुसाफा भागातल्या गल्ल्यांतून पहाटेपर्यंत हिंडत होतो. कोठे क्रेन चालू होती, कोठे शेवटचा रंगाचा हात फिरत होता. शहरात अशी सुमारे चारशे मंडळे आहेत आणि प्रत्येक मंडळ एक मोठी आणि एक मुलांची फाया, म्हणजे पुतळ्यांची रचना, उभारते. एका मध्यम आकाराच्या फायाच्या पायथ्याशी एक निनोत होता. निनोत म्हणजे त्या मोठ्या रचनेतली एकेक आकृती. हा निनोत एक घरमालक होता, पोट सुटलेला, आणि त्याने एका कपाटाच्या खणात एका विद्यार्थ्याला झोपवून त्याच्याकडून भाडे घेतले होते. पायाशी एका पाटीवर चार ओळींचे पद्य होते. माझ्या वर्गमैत्रिणीने ते मला वाचून अर्थ सांगितला आणि आजूबाजूचे लोक पुन्हा एकदा हसले, कारण शहरातल्या भाडेवाढीने सगळेच गांजलेले होते. मी त्या पाटीसमोर उभी होते आणि मला इतवारीतली गॅलरी दिसत होती, मामाचा आवाज ऐकू येत होता. मी मैत्रिणीला म्हणाले, "हा आमचा बडग्या आहे." मग बडग्या म्हणजे काय, हे सांगायला बसले आणि माझ्या लक्षात आले की मला त्याविषयी जवळजवळ काहीच सांगता येत नाही. किती वर्षांपासून, कोण करते, कशापासून करतात, काळी मारबत कोणाची आणि पिवळी कोणाची, यातले एकही उत्तर मला धड देता आले नाही. माझी मैत्रीण मात्र तिच्या गल्लीतल्या मंडळाचा इतिहास तिच्या आजीच्या वेळेपासून सांगू शकत होती.

त्या रात्री खोलीवर येऊन मी मामाला फोन लावला. नागपुरात तेव्हा सकाळ होती. पुढचा तासभर मामा बोलत होता. जागनाथ बुधवारीतली पिवळी मारबत तेली समाजाची आणि ती १८८५ पासूनची, काळी मारबत तिच्याही आधीची, १८८१ पासूनची. बांबूचा सांगाडा कसा बांधतात, त्यावर कागद आणि कापड कसे चढवतात, खळ कशी शिजवतात, घरातल्या आजारी लेकराला पिवळ्या मारबतीच्या पायावर घालायला बाया कशा येतात, दोन्ही मारबती समोरासमोर येतात तेव्हा इतवारीत पाय ठेवायला जागा कशी नसते, हे सगळे त्याने सांगितले. इंग्रजांचे राज्य असताना, त्यांच्याच नाकासमोरून, गल्लीतल्या कष्टकरी माणसांनी ही मिरवणूक सुरू केली आणि ती आजतागायत निघते आहे. फ्रँकोच्या हुकूमशाहीत वालेन्सियात फायांचे आराखडे आणि पद्ये आधी तपासून घेतली जात असत, हे मला नंतर कळले, तेव्हा पुन्हा मामाचे बोलणे आठवले. राज्यकर्त्यांना बोललेले खपत नसताना लोक पुतळ्याच्या तोंडून बोलतात, हे दोन्ही गावांना माहीत होते.

१९ तारखेची रात्र मी आमच्याच गल्लीत काढली. आधी मुलांची फाया जाळतात. चार दिवस तिच्याकडे पाहत राहिलेली सात-आठ वर्षांची मुलगी रेशमी घेरदार पोशाखात समोर उभी होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होते. तिच्या आईने तिला जवळ घेतले नाही, फक्त मागे उभी राहिली. मोठ्या फायाची पाळी उशिरा आली, कारण गल्ली अरुंद आणि अग्निशमन दलाची गाडी आल्याशिवाय काडी ओढायची नाही असा नियम. जवानांनी आधी दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या भिंती आणि गॅलऱ्या पाण्याने भिजवून घेतल्या. मग फटाक्यांची माळ पेटली, ती सरसरत पुतळ्याच्या पोटात शिरली आणि काही क्षणांत आतून उजेड दिसू लागला. चेहरा सर्वांत शेवटी गेला. उष्णता इतकी वाढली की आम्ही सगळे एकदम चार पावले मागे सरलो. बँड वाजत होता, लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. नगरपालिकेच्या चौकातली फाया सर्वांत शेवटी जळते. त्या वर्षी तिथे दोन प्रचंड पांढरी कबुतरे होती आणि दोघांमध्ये ऑलिव्हची एकच फांदी.

हा उत्सव निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. पूर्वी लाकूड, मेण आणि कागदाच्या लगद्याचे असलेले पुतळे आता बहुतांशी थर्मोकोलचे असतात आणि त्यांचा काळा धूर घशात बसतो. काही कलाकार पुन्हा लाकडी पट्ट्यांकडे वळले आहेत, पण ते थोडे. त्या दिवसांत झोप म्हणून मिळत नाही, आणि शहरातले बरेच लोक सरळ गाव सोडून जातात. आमच्याकडच्या व्हॉट्सॲप निरोपासारखे निरोप तिथेही फिरतात. मला त्यांचे थाटमाट नागपुरात आणायचे नाहीत. मला त्यांची एकच गोष्ट हवी आहे, आणि ती म्हणजे जे जाळायचे आहे त्याची नोंद ठेवण्याची सवय.

दरवर्षी प्रत्येक मंडळ एक पुस्तिका छापते. त्या वर्षीच्या फायात कोणत्या आकृत्या आहेत, कोणाची टर उडवली आहे, कोणते पद्य कोठे लावले आहे, कलाकार कोण, हे सगळे तिच्यात असते. आमच्या गल्लीच्या मंडळाच्या अध्यक्ष एक निवृत्त शिक्षिका होत्या. मंडळाच्या खोलीतल्या एका साध्या लोखंडी कपाटात त्यांनी जुन्या पुस्तिका वर्षवार लावून ठेवल्या होत्या, आणि त्यांच्या जन्मवर्षाची पुस्तिका त्यांनी मला काढून दाखवली. पाने पिवळी पडली होती, चित्रातला पुतळा केव्हाच राख झाला होता, पण त्या वर्षी गल्ली कशाला हसत होती ते वाचता येत होते. शिवाय १९३४ पासून दरवर्षी एका निनोताला अभय मिळते. उत्सवाआधी सगळ्या मंडळांचे निवडक निनोत एका प्रदर्शनात मांडतात, पाहायला येणारे मत देतात आणि ज्याला सर्वाधिक मते मिळतात तो आगीतून वाचतो आणि संग्रहालयात जातो. त्या संग्रहालयात मी तीनदा गेले. नातवंडाला काही दाखवणारे आजोबा, टोपलीवाली बाई, असे मेणाचे आणि लगद्याचे चेहरे ओळीने उभे आहेत. २०१६ मध्ये युनेस्कोने फायासला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, आणि आपल्या योगालाही त्याच वर्षी. परंतु त्या यादीमुळे कपाटातल्या पुस्तिका तयार झाल्या नाहीत, आधी पुस्तिका होत्या.

आणि ही मंडळे केवळ चार दिवसांची नसतात. २९ ऑक्टोबर २०२४ ला वालेन्सियाच्या आसपासच्या गावांत महापूर आला आणि प्रांतात दोनशेहून अधिक माणसे गेली. दुसऱ्या दिवसापासून अनेक मंडळांच्या खोल्यांत फावडी, झाडू, पिण्याचे पाणी आणि डबाबंद अन्न गोळा होऊ लागले. आमच्या अध्यक्षबाईंनी रबरी बुटांची मापे वहीत लिहून घेतली होती. आम्ही विद्यार्थी ते सामान घेऊन चिखल उपसायला चालत जात होतो. वर्षभर एकत्र बसणारी माणसे हाताशी होती म्हणून ते झाले. आपल्याकडेही मारबत काढणारी, बडगे करणारी मंडळे अशीच गल्लीतली, वर्षानुवर्षे एकमेकांना धरून असलेली आहेत, पण आपण त्यांच्याकडे शहराचे काही म्हणून पाहतच नाही.

गेल्या वर्षी परत आल्यावर मी पहिल्यांदा रस्त्यावर उतरून मारबत पाहिली. बरोबर आई होती. इतवारीत जन्म घेऊनही तिने ती गॅलरीतूनच पाहिली होती. त्या दिवशी दोन गोष्टी मला खटकल्या, त्या स्पष्ट लिहिते. पहिली म्हणजे डीजेच्या भिंती. आवाजाला माझा विरोध नाही, मास्कलेताला मी रोज जात होते. पण मारबतीचा जीव आरोळीत आहे, आणि ती आरोळी डीजेखाली चिरडली जाते. संदलचे पारंपरिक ढोल वाजत होते तिथे लोक ओरडत होते, नाचत होते, पाट्या वाचत होते, आणि डीजेची गाडी आली की सगळे नुसतेच हलत होते. वालेन्सियातही प्रत्येक मंडळापुढे बँड असतो, आपल्या सनईच्या कुळातले दोल्साइना नावाचे वाद्य आणि ढोल असतो, आणि त्यातून माणसाचा आवाज ऐकू येतो. दुसरी गोष्ट म्हणजे त्या गर्दीत बायका कडेला होत्या, ओट्यांवर, गॅलऱ्यांत, दुकानांच्या पायऱ्यांवर. आजीने मला खाली उतरू दिले नाही त्याला कारण होते आणि ते कारण अजून संपलेले नाही. मिरवणूक ज्यांच्या हातात आहे त्यांनी हे मनावर घेतले, तर एका वर्षात फरक दिसेल असे मला मनापासून वाटते, कारण पिवळ्या मारबतीच्या दर्शनाला आधीचे दिवस सर्वांत जास्त बायकाच येतात आणि तेव्हा त्यांना कोणी धक्का मारत नाही.

काळ्या मारबतीविषयीही माझ्या मनात एक खंत आहे. ती बाकाबाई भोसले हिचे प्रतीक आहे असे सांगितले जाते, जिने इंग्रजांशी हातमिळवणी केली. नागपूरचे राजे दुसरे रघुजी यांची ही विधवा पुढे अल्पवयीन नातवाची पालक झाली, इंग्रज रेसिडेंटच्या छायेत राहिली, १८५४ मध्ये संस्थान खालसा झालेले तिने पाहिले आणि १८५७ मध्ये इंग्रजांच्या बाजूने उभी राहिली, हा इतिहास आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. पण नागपूरचे राज्य बुडाले त्यात दरबारातल्या पुरुषांचाही हात होता, आणि त्यांच्यापैकी एकाचाही पुतळा आपण जाळत नाही. काळी मारबत बंद करा असे मी म्हणत नाही. तिला पूतना मानणारे लोकही आहेत, आणि रोगराई नेणारी म्हणून तिला हाक मारणाऱ्यांच्या मनात बाकाबाई नसतेही. एवढेच वाटते, की ज्या पोरांना ती गोष्ट सांगतो त्यांना ती पूर्ण सांगावी.

आता मी काय करते आहे ते सांगते. गेल्या वर्षी मी एका वहीत बडग्यांच्या पाट्या उतरवून घेतल्या. गर्दीत एकोणीस जमल्या, त्यातल्या चार अर्धवट आहेत. प्रत्येकीपुढे बडग्या कोणत्या भागातला, कशापासून केलेला, हातात काय होते, गळ्यात काय होते, हे लिहिले आहे. एका बडग्याच्या अंगावर चक्क मोबाईलच्या बिलांचा सदरा होता आणि तो करणाऱ्या मुलाने मला सांगितले की बिले त्याने तीन महिने गल्लीतून गोळा केली. यंदा तीन मैत्रिणी येणार आहेत, म्हणजे पाट्या जास्त मिळतील. पुढे एखाद्या मंडळाने मनावर घेतले तर दरवर्षी एक बडग्या आगीतून वाचवून ठेवता येईल का, हे मी विचारणार आहे. ईडापीडा जाळायचीच असते, ती घरात कशी ठेवायची, असा आक्षेप मामाने आताच घेतला आहे आणि तो मला पटतोही. तसे असेल तर निदान त्याची पाटी तेवढी काढून ठेवू.

जुन्या मारबतीचे, बडग्यांचे फोटो कोणाच्या घरी असतील तर कृपया मला कळवा, मी घरी येऊन त्यांची प्रत काढून घेईन, मूळ फोटो तुमच्याकडेच राहील. मामाकडे असा एकच निघाला. कृष्णधवल आहे, मागे तारीख नाही. इतवारीतल्या गॅलरीतून काढलेला असावा. एक उंच बडग्या पाठमोरा चालला आहे, पुढे डफवाले आहेत, आणि त्याच्या छातीवरची पाटी बाजूने जेमतेम दिसते. भिंगाखाली धरली की तिच्यावरचा एक शब्द वाचता येतो, "साखर".